पट्टीवरचा धर्मादाय

घरात मला सगळे फौजदार म्हणतात. भाजीवाल्याचा काटा, गॅसच्या टाकीचं सील, लग्नपत्रिकेतला मुहूर्त, सगळं मी दोनदा तपासते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची अशा वह्या इतक्या पाहिल्या, की बरोबर उत्तराचाच मला आधी संशय येतो.

त्यामुळे आबांच्या शाळेची शताब्दी आली आणि स्मरणिकेसाठी 'जुन्या काळी शाळेचा पैसा आणि अभ्यास' हा लेख मी लिहावा असा मुख्याध्यापकांचा फोन आला, तेव्हा पहिला विचार हाच की, मलाच का? आबा म्हणजे माझे वडील. वय त्र्याण्णव, देवपुरात माझ्याकडे राहतात. इंग्रजांच्या काळात गिरणाकाठच्या खेड्यातून येऊन ते तालुक्याच्या त्या हायस्कुलात शिकले, तेही नादारीवर, म्हणजे मुलाला फी माफ. ती फी कापसाचे एक बडे व्यापारी भरत. त्यांना सगळे शेठजीच म्हणत. शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे. दर दसऱ्याला आबा बसने जाऊन पहिलं सोनं त्या फोटोला वाहत आणि मगच घरात वाटत. लहानपणी मी त्यांच्यासोबत जायची आणि चिडायची.

चिडण्याचं कारण आबांनीच सांगितलेली एक गोष्ट. फीच्या दिवशी पैसे भरणारी मुलं मास्तरांच्या टेबलावर नाणी ठेवून जागेवर जात. नादारीच्या मुलांचं नाव पुकारलं की त्यांनी उभं राहायचं, हात जोडायचे आणि 'शेठजींची कृपा' म्हणायचं. दर महिन्याला, सगळ्या वर्गासमोर. आबा हे कौतुकाने सांगत. त्यात कौतुक काय, ते मला कधी कळलं नाही.

शताब्दीला शेठजींच्या नावाने बक्षीस ठेवायचं म्हणून त्यांनी पेन्शनमधून रक्कमही बाजूला काढली होती. "एवढा उपकार फेडना शे, मंग मी मोकळा," असं ते म्हणत. म्हणजे पाऊणशेहून जास्त वर्षं हा माणूस मोकळा नव्हता.

शाळेत मला एका कपाटाची किल्ली मिळाली. शेजारच्या कपाटाची हरवली आहे म्हणाले. मी अर्थातच विश्वास ठेवला नाही, पण जे उघडलं त्यातच पुरेसं होतं. सरकारी ग्रँट इन्स्पेक्टरच्या मर्जीवर. तो यायचा त्या आठवड्यात भिंतींना चुना आणि पाठांतराला ऊत. अभ्यासाला इंग्लंडच्या राजांची वंशावळ, भूमिती, संस्कृत, आणि पौंड-शिलिंग-पेन्सची लांबच लांब गणितं. साताऱ्याच्या नाही, सोलापूरच्या नाही, लंडनच्या दुकानदाराचा नफा-तोटा आमच्या खानदेशातली पोरं काढत होती. बाजारात बापाच्या कापसातून काय काय कापलं जातं, यावर मात्र एकही उदाहरण नाही. हे मुद्दाम केलं असेल का? एवढा संशय बरा नव्हे, असं मी स्वतःलाच बजावलं.

मग देणग्यांची वही सापडली. नादारीच्या फीपोटी शेठजींचं नाव दरवर्षी, सुबक अक्षरात. आणि नावापुढे प्रत्येक वेळी तीच बारीक नोंद: 'कापूस-धर्मादाय खात्यातून'.

मी तशीच घरी आले आणि माळ्यावरची आजोबांची, म्हणजे आबांच्या वडिलांची, ट्रंक काढली. त्यांनी आयुष्यभराच्या पट्ट्या जपल्या होत्या. पट्टी म्हणजे कापूस विकल्यावर शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेबाचा कागद. वर शेठजींच्या पेढीचं नाव, खाली कपाती: हमाली, तोलाई, दलाली आणि शेवटी धर्मादाय. प्रत्येक गाडीमागे. हा धर्मादाय कापला जातो हे गावात बठ्ठ्यांना, अगदी सगळ्यांना, ठाऊक होतं. तो पांजरपोळाला जातो, देवळाला जातो, असं समजून सगळे गप्प बसत. धर्माच्या नावावर हिशेब कोण मागणार?

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय! पैसा शेठजींनी खाल्ला नाही, शाळेलाच दिला, हे मी मान्य करते. पण गाड्या आमच्या आणि फोटो त्यांचा. मला संताप आला, आणि लगेच भीतीही वाटली. त्र्याण्णव वर्षांच्या माणसाचा देव काढून घ्यायचा मला काय अधिकार? दोन दिवस मी पट्ट्या पुन्हा पुन्हा तपासल्या. तिसऱ्या दिवशी वहीतल्या नोंदीचा फोटो आणि ट्रंकेतल्या पट्ट्या आबांपुढे ठेवल्या.

त्यांनी भिंगातून एकेक पट्टी वाचली. बराच वेळ लागला. मग एवढंच विचारलं, "आनि मी उभा ऱ्हात व्हतू?"

मला रडू आलं. आबांनी पट्ट्यांची नीट घडी केली आणि जेवायला वाढ म्हणाले.

समारंभापर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. विसरले असावेत असा मला संशय आला. कार्यक्रमाच्या सकाळी इस्त्रीची टोपी मागितली, तेव्हा तर खात्रीच पटली की हे जाऊन पुन्हा फोटोला हात जोडणार.

आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. भाषणं झाली. मग मुख्याध्यापक माईकवर म्हणाले, "शेठजींच्या कृपेने नादारीवर शिकलेले आपले ज्येष्ठ विद्यार्थी आज इथे आहेत. त्यांनी कृपया उभं राहावं." सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या आणि आबांकडे पाहिलं.

आबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि तसेच बसून राहिले. टाळ्या विरल्या. मुख्याध्यापक अवघडून म्हणाले, "असू द्या, असू द्या, आबांचे गुडघे दुखतात."

आबांनी मान वर केली. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

"मना गुडघा बेस शेतस. मना बापनी फी भरेल शे."