मागच्या दारी बांधलेली गाय

वाणगावपासून आत असलेल्या आमच्या घरी तेव्हा एक म्हैस, एक बैल आणि एक तांबडी गाय होती. मी पालघरला वार्ताहर आहे, रविवारी घरी जाते. भाऊ बोईसरच्या कारखान्यात पाळीवर असतो. वहिनीला आदल्या वर्षी गरोदरपणात मलेरिया झाला आणि मूल गेलं. आता पुन्हा पाचवा महिना होता. हे मूल राहायला हवं, एवढीच घरात काळजी होती.

पावसाळ्यात गुरांचे डॉक्टर आले. गोचीड आणि जंतांवर देतात तेच औषध गावातल्या सगळ्या गुरांना एकाच दिवशी टोचायचं होतं. त्यांनी ओट्यावर बसून आईला समजावलं.

"मलेरियाचा डास गुरांनाही चावतो. रक्तातून औषध त्याच्या पोटात गेलं की मरतो. मेला की तुमच्या सुनेला चावणार नाही."

"ताप आमाला आन सुई म्हशीला?" आई म्हणाली. "उद्या मला खोकला झाला तर बैलाला काढा पाजाल."

डॉक्टर हसले. मग त्यांनी सांगितलं, की पुन्हा कळवेपर्यंत टोचलेल्या गुरांचं दूध कोणी प्यायचं नाही.

आमच्याकडे गरोदर बाईला एकाच गाईचं दूध देतात. दूध बदललं तर पोटातल्या बाळाला सोसत नाही, असं मानतात. वहिनीला तांबडीचं दूध सुरू होतं. टोचायच्या दिवशी आईने तांबडी मागच्या दारी नेऊन बांधली, वहिनीच्या खोलीच्या खिडकीखाली.

"एवढीच गुरं?" डॉक्टरांनी विचारलं.

"एवढीच."

म्हैस आणि बैल टोचून झाले. खूण म्हणून त्यांच्या शिंगांना निळा रंग लावला. डॉक्टर पुढच्या घरी गेल्यावर तांबडी हंबरली. शेजारची काकू कुंपणापलीकडून म्हणाली, "तुमचा कुत्रा हंबरायला लागला काय गो?"

"गप बस," आई म्हणाली. दोघी हसल्या.

तांबडी मागेच राहिली. तिथून दूध काढून वहिनीला देणं सोपं होतं. काही आठवड्यांनी आरोग्य खात्याची बाई डास मोजायला गोठ्यात आली. बॅटरीच्या उजेडात भिंत बघत ती काचेच्या नळीने डास ओढून घ्यायची. डास खूप कमी झाले होते. तिने आईला नळी दाखवली. घराची मागची भिंत तिने पाहिली नाही. तिथे गुरं असतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सातव्या महिन्यात वहिनीला थंडी वाजून ताप आला. रक्तात मलेरिया निघाला. भावाने तिला पालघरला आणलं. मी कचेरीतून थेट दवाखान्यात गेले. मुलगी जन्मली ती मेलेलीच. भाऊ तिला घेऊन गावी गेला. मी वहिनीजवळ थांबले. तिने पाणी मागितलं, मी दिलं.

तो डास तांबडीवरून उठून खिडकीतून आत आला, असं मला लिहिता येत नाही. तो कुठूनही आला असेल. वहिनी परत आल्यावर आईने पहिल्या सकाळी दुधाचा पेला तिच्यापुढे ठेवला. तिने तो सरकवला. तो तसाच राहिला. संध्याकाळी आईने दूध झाडाच्या मुळाशी ओतलं.

डॉक्टर दुसऱ्यांदा आले तो रविवार होता. त्यांनी हाक मारायच्या आधीच आई मागे गेली, तांबडीचं दावं सोडलं आणि तिला अंगणात आणून उभं केलं.

डॉक्टरांनी शिंगांकडे पाहिलं. "ही नवीन घेतली?"

"घरचीच हाय."

"दूध देते?"

"देते."

"मग या वेळीही तेच. कोणी प्यायचं नाही."

"आता कोणी पीत नाय," आई म्हणाली आणि गाईचं तोंड धरून ठेवलं.