कासारवाडीचं गोड पाणी आणि घड्याळाचा काटा

बोरीबंदरला गाडी सुटली तेव्हा आमच्या ह्यांच्या मांडीवर माझी एकुलती एक लोकरी शाल होती आणि शालीत गुंडाळलेलं एक गोल पितळी यंत्र. थंडी मला वाजत होती, जपणूक त्याची चालली होती. कर्जतला एका म्हातारीनं कौतुकानं विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" हे लाजले. मी म्हटलं, "आजी, बाळ नाही, सवत आहे."

सवत म्हणजे पाइपातल्या पाण्याचा दाब दाखवणारं घड्याळ. हे एका कंत्राटदाराकडे हंगामी ओव्हरसियर आहेत. पिंपरीच्या बाजूला नवा कारखाना उभा राहतोय, तिथे पवनेचं पाणी नेणारी लाइन ह्यांनी टाकली. अशी लाइन पाण्यानं गच्च भरतात, हातपंपाचा दांडा हाणून हाणून आत दाब चढवतात, आणि मग चार शिकलेली माणसं दिवसभर काट्याकडे टक लावून बसतात. काटा हलला नाही तर लाइन पास, हे नोकरीत कायम, आणि राहायला तिथेच दोन खोल्यांचं क्वार्टर. हलला तर घरचा रस्ता. काटा दोनदा पडला होता. सांधा एकही गळत नव्हता, म्हणून साहेबांनी संशय घेतला घड्याळावर आणि नवं आणायला ह्यांना मुंबईला पाठवलं. परतीला मी सोबत निघाले. गिरगावात एका खोलीत आम्ही सातजण राहतो, नणंदेचे टोमणे वेगळे. मला ते क्वार्टर हवं होतं. ह्यांच्यापेक्षा जास्त हवं होतं, कशाला लपवू?

चिंचवड स्टेशनावर उतरून टांगा केला. माळरान, मध्येच ज्वारीची रानं, बाभळी आणि लांबवर घोरावडेश्वराचा डोंगर. छान चाललं होतं, तोच टांग्याचं चाक एका चरीत गेलं आणि माझं डोकं छताला आपटलं. टांगेवाले चाचा ती चर खणणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. खणणारा त्यांच्या शेजारीच शाल सांभाळत बसला होता. डोक्याला टेंगूळ आलं होतं, म्हणून उद्धारात मीही दोन शब्द घातले.

कासारवाडीत सोनाबाईंच्या पडवीत आमचा मुक्काम होता. सोनाबाई जुन्या गावकरी, आवाज खणखणीत, वय विचारायची सोय नाही. त्यांनी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं कोरड्यास (भाकरीशी खायचं पातळ कालवण) वाढलं, वर गुळाचा चहा दिला. ह्यांनी दोन कप घेतले. "काय गोड पाणी आहे हो तुमच्या गावचं," हे म्हणाले. "मुंबईत असा चहा होत नाही."

"व्हय, पानी ब्येस हाय," सोनाबाई म्हणाल्या आणि पदरात हसल्या. हसण्यासारखं काय होतं, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवं घड्याळ बसवलं. सकाळी काटा जागेवर, दुपारी जागेवर. तिसऱ्या प्रहरी धाडकन खाली. हे संध्याकाळी आले ते तोंड उतरवून. साहेबांनी सांगितलं होतं, उद्या शेवटची परीक्षा. पडली तर परवा दुसरा माणूस. सोनाबाईंनी न विचारता चहा आणून दिला. हे प्याले. मी अंथरुणावर पडल्या पडल्या सगळ्या देवांशी भांडले.

शेवटच्या दिवशी घरात बसवेना. उन्हं कलायला लागली तशी सोनाबाई हंडा घेऊन निघाल्या, मी सोबत गेले. विहीर गावाच्या वरच्या अंगाला, या तर खाली ओढ्याकडे चालल्या होत्या. तिथे आधीच दहाबारा बायका हंडे-कळशा घेऊन उभ्या. करंजाच्या सावलीत आमच्या लाइनीचा सगळ्यात खालचा पाइप, आणि त्याच्या पोटाला एक तोटी. लाइन रिकामी करायची निचऱ्याची तोटी ती.

"पयल्यांदा लई जोरात येतंया," सोनाबाई हंडा टेकवत म्हणाल्या. "हंडा उडवाया बघतंय. मंग गरीब व्हतं."

मी धावत जाऊन त्या तोटीवर दोन्ही हात ठेवले. माझा नवरा इतके दिवस कुठे गळतंय म्हणून सांधे चाचपत फिरत होता, आणि संध्याकाळी घरी येऊन आपलीच नोकरी बशीत ओतून पीत होता.

"सोनाबाई, हे पाणी घ्यायचं नाही. ह्यावर ह्यांची भाकरी आहे," मी ओरडलेच. आणि कुणी विचारायच्या आत दाब, काटा, कायम, क्वार्टर असं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"अवो बाई, पायपात पानी भरून नुसतं बघत बसायचं, असं कुनी करतं व्हय?" सोनाबाई म्हणाल्या. "आमाला वाटलं, चुकून न्यायचं ऱ्हायलंय. तुमच्याच सुरुंगानं आमच्या हिरीला तडा गेला. तळाला नुसता गाळ. सांगा, कुटलं पानी आनायचं?"

राग आला होता तो कुणावर काढावा ते कळेना. उलट आणखी वाईट सांगायचं उरलं होतं: लाइन पास झाली की उद्या ती आतून धुवायला कडक सोडा सोडणार, अंगावर पडला तर कातडी निघेल असा. पिणं दूरच. तेही सांगून टाकलं.

सोनाबाईंनी हंडा उचलला. "चला गं. आज वढ्यातलं डबकं गाळून घिऊ. ह्या बाईचा संसार हाय त्या पायपात."

त्या डबक्याकडे गेल्या. मी तोटीपाशी सूर्य बुडेपर्यंत बसून राहिले. काटा हलला नाही. साहेबांनी ह्यांचा हात हातात घेतला, कारकुनांनी पेढे मागितले. घरी मी ह्यांना खरं काय ते सांगितलं. ह्यांनी कपातल्या चहाकडे बघितलं, आणि हे पहाटे सोडा सोडायच्या आधी जाऊन तोटीला कुलूप घालून आले.

सामान आणायला म्हणून आम्ही मुंबईला परत निघालो. टांग्यापाशी सोनाबाई आल्या, मागे त्या सगळ्या बायका. "घर मिळालं न्हवं?"

"मिळालं."

"नळ हाय त्याला?"

"आहे की, आत मोरीत," मी तोऱ्यात म्हणाले.

"मंग आमी येतो सकाळच्याला," सोनाबाई म्हणाल्या.

तो डबक्यातला हिरवा गाळ माझ्या डोळ्यांसमोर होता. मी म्हटलं, "या."

खंडाळ्याच्या घाटात गाडी वळणं घेत होती. प्रवासाला निघाले होते दोघांच्या घरासाठी, सात माणसांतून सुटायला, आणि येताना दहाबारा बायांना मोरीपर्यंत बोलावून आले होते. मला हसूही येत होतं आणि रडूही. हे समोर बोटानं हवेत भिंती आखत होते: इथे खाट, इथे कपाट, मोरीच्या दारापाशी धान्याची कोठी.

"तिथे कोठी नको," मी म्हटलं, आणि काय कबूल केलंय ते सांगून टाकलं.

मला वाटलं, आता आमचं जुंपणार.

"मग अर्ध्या इंची तोटी पुरायची नाही," हे म्हणाले. "पाऊण इंची बसवतो."