बाकावर बसलेल्यांची तुलना

काही ऑफिसांत किस्से आठवावे लागतात. आमच्या ऑफिसात ते विसरावे लागतात, नाहीतर काम होत नाही!

नगरला सावेडीत एका दवाखान्याच्या वर आमची दोन खोल्यांची जागा. माणसं चार: गोरे सर, शबाना, नेवाशाकडून येणारा दत्ता आणि मी. काम असं की अमेरिकन फुटबॉलच्या रेकॉर्ड केलेल्या मॅच बघायच्या आणि बॅकअप क्वार्टरबॅकची तुलना करून तिकडच्या कंपनीला तक्ता पाठवायचा.

पहिल्या दिवशी सरांनी समजावलं, "बॉल कुणाकडे फेकायचा हे ठरवतो तो क्वार्टरबॅक. तो जखमी झाला की बाकावरून उठून येतो तो बॅकअप."

शबानानं हात वर केला. "सर, फुटबॉल आहे ना? मग पायानं का नाही मारत?"

सरांनी पंखा एकनं वाढवला. "हे मीसुद्धा विचारणार होतो. पण काम हातचं गेलं असतं!"

*

दत्तानं पहिली मॅच पूर्ण तीन तास बघितली. तक्ता कोरा!

"अरे, नोंद कुठंय?"

"सर, त्यो उतरलाच न्हाई. बाकावर बसून पानी पीत हुता."

"आणि समोरच्या टीमचा?"

"त्यो बी बसूनच. पन बसन्यात पयला बरा हाय!"

सरांनी तेच इंग्रजीत कसं लिहायचं याचा दुपारपर्यंत विचार केला.

*

माझाही पराक्रम सांगायला हवा. मी दोन खेळाडूंची चार पानी तुलना केली. निष्कर्ष: दुसरा पहिल्यापेक्षा सरस, शांत डोक्याचा. कंपनीची मेल आली, 'हा एकच माणूस आहे. मध्ये त्यानं टीम बदलली.'

जर्सीचा रंग बदलला, तर मी तरी काय करणार! हेल्मेटमधून तोंड दिसतं का कुणाचं?

सर म्हणाले, "जाऊ दे. निदान माणसाची प्रगती तरी दिसली!"

*

मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या काकांनी विचारलं, "मुलगी काय करते?"

बाबा अभिमानानं म्हणाले, "अमेरिकेतल्या राखीव खेळाडूंची तुलना!"

काका गोंधळले. "मग मुख्य खेळाडूंचं कोण करतं?"

बाबांनी ठोकून दिलं, "ते काम पुण्याला जातं!"

दुसऱ्या दिवशी सरांना हे हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्या बाबांना कसं कळलं?"

*

मग कंपनीला शंका आली की या लोकांना खेळ कळतो का? काम काढून घ्यायचं त्यांचं जवळजवळ ठरलं होतं. ते अजून आमच्याकडे आहे, ते एका व्हिडिओ कॉलमुळे.

स्क्रीनवर तिकडचा मोठा साहेब. त्याच्या हातात दत्ताचा तक्ता. "आकड्यांत पहिला खेळाडू पुढे आहे. तुम्ही दुसऱ्याला वर ठेवलंत. का?"

शबानानं मराठीत सांगितलं. सरांनी डोळे मिटले.

"म्याडम, त्यास्नी सांगा," दत्ता म्हणाला, "पयला लई भारी फेकतो. पन मेन गडी पडला तवा ह्यो टोपी काढून हेल्मेट हुडकाया लागला. दुसऱ्यानं मेन गडी पडताना बघितला आन् तितंच हेल्मेट घातलं. कोच बोलवायच्या आधी उभा हुता."

शबानानं ते सगळं इंग्रजीत सांगितलं. साहेबानं व्हिडिओ मागं नेऊन दोनदा बघितला. शेजारच्याला बोलावून त्यालाही दाखवला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "हा माणूस किती वर्षं खेळलाय?"

शबानानं विचारलं. दत्ताची मान खाली गेली.

"खेळलो कुठं, म्याडम! गावच्या कबड्डी संघात चौदा वर्षं राखीव हुतो. येकदा बी उतरवलं न्हाई."

शबाना स्क्रीनकडे वळून म्हणाली,

"फोर्टीन इयर्स, सर!"