डायव्हिंगच्या पहिल्याच वर्गात नायट्रॉक्स हवं का? लातूरचे दोन दिवस

शनिवार, १७ जानेवारी २०२६, पहाटे ५ वाजून २० मिनिटे. नांदेडच्या बसस्थानकावर मी सूत्रांची वही तिसऱ्यांदा उघडून बघत होतो. लातूरच्या एका खासगी जलतरण तलावात स्कुबा डायव्हिंगचा दोन दिवसांचा प्राथमिक वर्ग होता. पास झालो तर पुढच्या महिन्यात मालवणला समुद्रात उतरायचं. पण वर्गाला नायट्रॉक्सचा, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेल्या हवेचा धडा जोडला होता आणि त्यात गणित. दहावीला गणितानेच मला दोनदा घरी बसवलं.

लोहा, अहमदपूर, चाकूर करत बस साडेनऊला पोचली. तिकीट २४५. थंडीत डावीकडे बसा, ऊन मिळतं.

शिकणारे आम्ही चौघे. सर निलंग्याचे, नौदलातून निवृत्त. पहिल्याच प्रश्नाला मी चुकलो. "जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त खोल जाता येतं."

"उलटं हाय गड्या. बत्तीस टक्क्यांवर पाण्यात जास्त वेळ थांबता येतं. पण तेहतीस मीटरच्या खाली गेलास तर झटके येऊ शकतात."

उदगीरला फार्मसी शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "आम्हाला तर अठरा मीटरच्या वरच राहायचंय. आधी धड श्वास घेऊ द्या की."

"नंतर शिकतो म्हणणारे लई असतात, ताई. येत कुणीच न्हाई."

दुपारी निलंगा राईस, चाळीस रुपये प्लेट. छान असावा, माझं लक्ष वहीतच.

रविवारी सरांनी चार टाक्या काठावर ठेवल्या. सगळ्यांवर 'हवा २१', म्हणजे २१ टक्के ऑक्सिजनची साधी हवा, अशी चिठ्ठी. "जोडा आणि उतरा." तिघे जोडायला लागले. मी गॅस वेल्डिंगच्या दुकानात काम करतो. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर टाकी घ्यायची नाही, ही मालकाची शिस्त अंगात भिनलीय. मी ऑक्सिजन मोजायचं यंत्र मागितलं. माझी २१. ताईंची मोजली तर ३२.

"सर, ही चिठ्ठी चुकलीय."

"चुकली न्हाई, मीच चिकटवली, कोण मोजतंय ते बघायला. चार मीटरच्या तलावात कुणाचं काही बिघडत न्हाई." मग ताईंकडे वळून, "फार्मसीवाले लेबल वाचत न्हाईत व्हय?"

"वाचलं की. म्हणून तर फसले."

दुपारच्या पेपरात नायट्रॉक्सचे मला दहापैकी चार. सरांनी तेवढं पान बाजूला काढलं. "सूत्र वहीत बघता येतं. प्राथमिक वर्ग पास. नायट्रॉक्सचं कार्ड आत्ता न्हाई."

परतताना चाकूर यायच्या आत मला झोप लागली. महिनाभरात अशी लागली नव्हती.

घरी आईने विचारलं, "झालं का रे तुझं गणित?"

"न्हाई झालं. तरी पास."

माझं मत विचाराल तर टाकी स्वतः मोजणं नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवावं. खोलीचं गणित तो समुद्रात पाच-दहा वेळा जाऊन आल्यावर. भीतीने भरलेल्या डोक्यात ते शिरत नाही. माझ्या तरी शिरलं नाही.

खर्च: वर्ग ६,५००, बस ४९०, मुक्काम ६००, जेवण-चहा ३१०. एकूण ७,९००.
देणं: नायट्रॉक्सचा पेपर. पैसे भरलेले आहेत, तारीख मी कळवायची.