वीतभर वाकडा रॉड

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा आलाच आहे आणि तुम्हीही हसायच्या तयारीनंच बसलाय, तर ऐका. माणूस जळका असला की किती गाढव होऊ शकतो, हे मी आर्वीच्या आमच्या व्यायामशाळेत भर दिवसा, पन्नास माणसांसमोर सिद्ध करून दाखवलंय.

गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. मी तेव्हा एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर कामाला होतो. संध्याकाळी सुटलो की थेट व्यायामशाळा. तिथं वजन मारायला एकच लोखंडी रॉड. छातीला तोच, दंडाला तोच आणि खांद्यावर वजन घेऊन बैठका मारायलाही तोच. बारीक होता बिचारा. प्लेटा जास्त चढवल्या की दोन्ही टोकं अशी नाचायची, की आपण उठतोय का रॉड आपल्याला उठवतोय ते कळायचं नाही. त्या रॉडवर भारी बैठक मारणारे आर्वीत दोघंच. एक मी आणि दुसरा दिवाकर.

दिवाकर! वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं हो! पण लेकाचा स्वभावानं इतका चांगला, की त्याच्यावर जळायलासुद्धा मेहनत लागायची. मी ती केली. मनापासून केली.

त्या वर्षी वर्ध्याला जिल्ह्याची स्पर्धा ठरली. आमचे उस्ताद, म्हणजे साठीचे, पांढऱ्या मिशांचे, उभ्या गावाला दरारा असलेले, त्यांनी सांगून टाकलं, "बैठकीले आपल्याकडून एकच जाईन. श्रावण सरता सरता निवड करू. जो जास्त वजन घेऊन उठन, तो जाईन."

वर्धा काही विलायत नव्हे, मला ठाऊक आहे. पण आमच्याकडून जो स्पर्धेला जायचा त्याचं नाव व्यायामशाळेच्या भिंतीवर तेलरंगात लिहायचे. आणि त्या भिंतीवर, दाराच्या वर, नेमकी एकाच नावापुरती जागा उरली होती. मी रोज तिच्याकडे बघत जोर मारायचो. दिवाकर बघायचा का? छे! त्याला म्हणे बैठकीतच आनंद वाटायचा. अशा माणसाचं काय करावं, सांगा!

आणि एक दिवस हा आनंदी माणूस खांद्यावर नवाकोरा रॉड घेऊन हजर! नागपूरला त्याचा मामा लेथवर काम करायचा. त्यानं भाच्यासाठी खास बैठकीचा रॉड करून पाठवला होता. जाडजूड, हातभर जास्त लांब, आणि पाठीवरून घसरू नये म्हणून मधोमध खरबरीत दाते पाडलेले.

उस्तादांनी त्याच्यावरून हात फिरवला. माझ्या पाठीवरून त्यांनी असा हात कधी फिरवला नव्हता.

"पाहा रे पोट्टेहो," ते म्हणाले, "असा असते बैठकीचा रॉड. जाड अन् ताठ. वजन घेतलं की मानूस लवला पायजे, रॉड नाई!"

दिवाकर लगेच माझ्याकडे वळला. "वसंता, तूबी मारून पाय ना यानं. दोघाईले कामी येईन."

बघा! हे असं! मी म्हणालो, "आपल्याले जुनाच बरा."

आठ दिवसांत तो माझ्यापेक्षा दहा किलो जास्त घेऊन उठायला लागला. मी घरी भाकरीसुद्धा रागानं चावत होतो. माय म्हणाली, "काऊन रे, भाकर कडक झाली का?" आता तिला काय सांगू, की भाकर मऊ आहे, दिवाकर कडक झालाय!

पुढं एक चमत्कार झाला. दिवाकरनं व्यायामशाळेत तो रॉड आणणंच बंद केलं. विचारलं तर इकडंतिकडं बघत म्हणायचा, "घरीच करून राह्यलो सध्या." माझ्या डोक्यात तेव्हाच घंटा वाजली. हा काहीतरी लपवतोय! आणि जो लपवतो, त्याच्याकडे लपवण्यासारखं असतंच की नाही?

मंगळवारी संध्याकाळी मी त्याच्या घरामागं गेलो आणि तुराट्यांच्या कुंपणाला डोळा लावून उभा राहिलो. हो, लावला डोळा! आता हसा.

दिवाकर गोठ्यातून बाहेर आला. हातात चादरीत गुंडाळलेला रॉड. त्यानं चादर सोडली आणि मी बघतच राहिलो. रॉड वाकडा! मधोमध कमान, दोन्ही टोकं चार-चार बोटं खाली. त्यानं तो खांद्यावर घेतला, एक बैठक मारली, मान हलवली आणि घाईघाईनं पुन्हा चादरीत गुंडाळून आत नेला.

आता तुम्ही असता तर काय समजला असता? मी काय समजलो सांगतो. नागपूरच्या मामानं नवी युक्ती शोधून काढली! टोकं खाली, म्हणजे वजन खाली. वजन खाली, म्हणजे तोल सुटायचं काम नाही. आणि ती हलवलेली मान? समाधानानं हलवली होती, दुसरं काय? एवढा मोठा शोध लावायचा आणि मित्राला सांगायचा नाही! दिवाकरचा खरा स्वभाव मला त्या दिवशी कळला, असं मला वाटलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बुधवारचा अख्खा दिवस जिनिंगच्या मुकादमाच्या हातापाया पडण्यात गेला. मोडीत निघालेला एक जाडजूड शाफ्ट त्यानं दिला. गुरुवारी तो घेऊन मी रामाजी लोहाराच्या भात्याजवळ उभा.

"रामाजी, याले मधून वाकवा."

रामाजीनं माझ्याकडे पाहिलं, शाफ्टकडे पाहिलं. "चांगला सरळ हाय ना बाप्पा!"

"म्हनूनच तं आनला. वाकडा पायजे."

"पर वसंता, हे तं…"

"काई बोलू नोका! अन् कोनाले सांगजा नोका. मायची आन हाय तुमाले!"

"बरं बाप्पा. किती वाकवू?"

हा प्रश्न त्यानं विचारला आणि माझी मती फिरली. दिवाकरचा चार बोटं, मग माझाही चारच? मी हात पसरून दाखवला. "वीतभर!"

रामाजीचं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यानं तोंड मिटलं आणि घण उचलला.

रॉड हातात पडला तो निवडीच्या दिवशी सकाळी. सराव? तो कुठं करणार? कुणी युक्ती चोरली असती म्हणजे!

व्यायामशाळा गच्च भरलेली. आधी दिवाकरची पाळी. त्यानं चादर सोडली आणि आतून निघाला सरळसोट रॉड! एका सुतात! मी मनात म्हटलं, घाबरला! ऐन वेळी युक्ती वापरायची छाती झाली नाही! तो वजन घेऊन खाली बसला, उठला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. मोठ्या मनानं.

मग मी माझ्या रॉडवरचं पोतं ओढलं.

उस्ताद मिशीवरचा हात तसाच ठेवून म्हणाले, "हे काय होय बे? दाराले कमान लावतं का?"

"खास बैठकीचा रॉड हाय उस्ताद," मी छाती काढून म्हणालो आणि तिरक्या नजरेनं दिवाकरकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक! माझ्या रॉडवरून त्याची नजर हलेना. अहो, काय सांगू तो आनंद! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळत होतं!

"वसंता," तो पुढं येऊन हळूच म्हणाला, "माहा घे ना. आयक माहं."

"तुहा तुलेच लखलाभ," मी म्हणालो. आणि त्याच्यापेक्षा दहा किलो जास्त चढवायला सांगितलं.

रॉड टेकवायच्या लाकडी घोड्यांवरून मी तो खांद्यावर घेतला. पहिलं पाऊल मागं टाकलं आणि कळलं, की ही बैठक नाही, हा झोपाळा आहे! वीतभर खाली लटकलेलं ते वजन आधी मागं गेलं. त्याच्यामागं मी गेलो. मग ते पुढं आलं. मीही आलो. पुन्हा मागं. पुन्हा मी! उस्ताद ओरडले, "अबे बैठक मार, फेऱ्या कायले मारून राह्यला!" पण माझ्या हातात काही राहिलंच नव्हतं. रॉड फिरायला निघाला होता आणि मला सोबत नेत होता.

दोनदा उस्तादांच्या समोरून गेलो. एकदा कोपऱ्यातल्या मारुतीला जवळजवळ प्रदक्षिणा झाली. मग तो रॉड कमानीच्या उतारावरून डाव्या खांद्याकडे सर्रकन घसरला, खांद्याची सालं काढत गेला, आणि मी, रॉड, प्लेटा, सगळे कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत!

पन्नास माणसं हसली की कसा आवाज होतो, तुम्ही ऐकलाय कधी? आतून ऐकायचा असतो तो.

पहिला धावत आला तो दिवाकरच. माझ्यावरचा रॉड बाजूला करत कळवळून म्हणाला, "तुहाबी बंडीखाली गेलता का रे?"

"कोनाच्या बंडीखाली?"

"अरे, आमची बैलबंडी वावरात चिखलात फसली, तं बाबानं पहार समजून माहा रॉड चाकाखाली घातला! वाकला ना बाप्पा! एक बैठक मारून पाह्यली, पर ते झुलते. लाज वाटे म्हून चादरीत लपवून ठेवला. परवा सरळ करून आनला. तुहा पाह्यला तं म्या म्हनलं, याचा तं माह्याऊन जास्त वाकला, बिचाऱ्यानं सांगतलं बी नाई कोनाले!"

तो जळत नव्हता हो! त्याला माझी दया आली होती!

गर्दीत मागं उभ्या असलेल्या रामाजीला आता राहवलं नाही. "मले तं समजेच ना बाप्पा! बुधवारी एक वाकडा घेऊन आला, म्हने सरळ करा, कोनाले सांगू नोका. गुरुवारी दुसरा सरळ घेऊन आला, म्हने वाकडा करा, कोनाले सांगू नोका. म्या नाई सांगतलं कोनालेच!"

उस्ताद हसता हसता खाली बसले. वर्ध्याला कोण गेलं, ते वेगळं सांगायला नको. भिंतीवरची ती जागाही भरली, आणि अक्षर छान आलं होतं, हे मला कबूल करावं लागलं.

दिवाकरनंच मला हाताला धरून घरी सोडलं. तो दिवस पोळ्याच्या आदला. अंगणात मायची बैलांची खांदशेकणी चाललेली. वर्षभर जू वाहून थकलेल्या खांद्यांना गरम पाणी, मग हळद-लोणी, पळसाच्या पानानं हळूहळू चोळणं. दोन्ही बैल डोळे मिटून उभे.

मी सदरा काढून सुजलेला खांदा पुढं केला. मायनं बघितलं, दिवाकरकडून सगळं ऐकून घेतलं आणि उरलेलं लोणी माझ्या खांद्यावर थापलं. हळू नाही, चांगलं दाबून.

मग ती बैलांसमोर जाऊन उभी राहिली आणि हात जोडून दरवर्षीसारखं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दिवाकरकडे वळून म्हणाली, "तूबी येजो रे बाबू, पुरनाची पोळी खाले."

मी वाट बघितली. मग विचारलं, "अन् मले?"

"तुले कायचं आवतन?" माय म्हणाली. "बैलाइनं वर्षभर वजन वाह्यलं. तुले तं एक डाव नाई उचलता आलं!"

खरं सांगतो, तोवर मी जन्मभर दिवाकरवर जळलो होतो. पण हळदीचे खांदे मिरवत मजेत रवंथ करणाऱ्या त्या दोन बैलांचा त्या संध्याकाळी जेवढा हेवा वाटला, तेवढा कधी त्याचाही वाटला नाही!