पळपुटी तुकडी

जुन्या लढायांवरच्या एका संगणकीय खेळासाठी मी लढाया रचून देतो. कॉलेजात इतिहास शिकवून झाला की हाच माझा उद्योग. बायको याला रिकामपणाचे धंदे म्हणते आणि मला त्याचा राग येतो, म्हणजे तिचं बरोबर असावं. सातवाहन आणि शकांची एक लढाई रचायला घेतली आणि पहिल्याच पायरीवर अडलो. खेळाला सगळं लागतं: टेकडी कुठे, ओढा कुठे, कोणती तुकडी कुणाच्या हाताखाली, आधी कच कोण खाणार. आपले शिलालेख राजा जिंकला एवढं सांगतात. कुठे उभा राहून जिंकला, ते नाही.

मग मी राणीसावरगावचं सासऱ्यांचं शिवार उचललं. ती टेकडी, तो ओढा माझ्या पायाखालचा. तुकड्यांना गावातली आडनावं दिली. त्या काळी अशी आडनावं नव्हती हे मी वर्गात शिकवतो, तरी दिली. टेकडी राखणाऱ्या तुकडीला सासऱ्यांचं. पहिल्याच हल्ल्यात ओढा ओलांडून पळणारी एक तुकडी होती, तिला शेजारच्या वावरातल्या काकांचं. बांध कोरण्यावरून त्यांचं नि सासऱ्यांचं वाकडं होतं. कित्येक वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हते. घरातल्या घरात तेवढीच गंमत, असा माझा हिशेब.

धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी जेवायला बोलावलं. पाय धुणं, कपडे, पुरणाचे धोंडे, सगळं साग्रसंगीत. त्या निमित्ताने सासरे स्वतः जाऊन काकांनाही सांगून आले होते, आणि काका आले. दोघं मांडीला मांडी लावून जेवले. सासूबाई वाढता वाढता पदराने डोळे पुसत होत्या.

जेवणं झाल्यावर मेव्हण्याने कौतुकाने माझा खेळ टीव्हीवर लावला. मी नको नको म्हणत होतो, पण तो विनय समजला गेला. टेकडी आली, ओढा आला, गावची आडनावं आली. बैठकीत लय हशा पिकला. मग ती तुकडी पळाली, डोक्यावर ठळक अक्षरांत काकांचं आडनाव घेऊन. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

काका पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमचे लोक पळाले व्हते का, जावई? आमाला कुणी सांगितलंच न्हाई कधी."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सांगितलं की हे कुठेच लिहिलेलं नाही, मीच मनाने रचलं, खोडसाळपणाने तुमचं नाव घातलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काकांनी मान हलवली. "न्हाई. शिकलेला माणूस खोटं कशाला लिहील? माझ्या मनाला लागू नये म्हणून तुमी आता खोटं बोलायलाव." मग सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "तुमाला हे ठावं असून तुमी आमाला पंगतीला घेतलं, दादा."

मी पुन्हा सांगायला लागलो, तर ते उठले. धोंड्यात जावई देवाच्या जागी असतो. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर हात टेकत वाकले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.