माझं ड्रेस्डेन आणि वरच्या मजल्यावरचे काका

"बघू या, गाव ओळखतं का मला," ड्रेस्डेनच्या स्टेशनावर उतरले की काकांचं पहिलं वाक्य हे. मग सामान मुलाच्या हवाली करून, हात पाठीमागे बांधून, माहेरवाशीण घर बघते तसे इकडेतिकडे बघत चालायला लागायचे.

काका म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सहकाऱ्याचे वडील. पुण्याच्या एका छापखान्यात फोरमन होते. जर्मनीचे दोन देश होते तेव्हा छपाईचं यंत्र शिकायला त्यांना सहा महिने इथे पाठवलं होतं. त्यानंतर आले ते थेट निवृत्तीनंतर, मुलाकडे, उन्हाळ्याचे.

आता माझं सांगते. मी इथे आले त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ओळखीत कुणाचेही आईवडील आले की त्यांना शहर दाखवायचं काम माझं. छत्री उंच धरून मी पुढे, मंडळी मागे. शहर माझंच आहे असं त्या दोन तासांत मला वाटायचं, आणि एरवी कधीच वाटायचं नाही.

काकांनी पहिल्याच रविवारी ते वाटणंही घालवलं. युद्धात कोसळून पुन्हा बांधलेल्या मोठ्या चर्चसमोर मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "यातले काळे दगड जुने, पांढरे नवे." काका हळूच म्हणाले, "मी होतो तेव्हा इथे नुसता ढीग होता, बरं का. समोर बसून डबा खायचो आम्ही." सगळी मंडळी त्यांच्याकडे वळली. कुणीतरी मला छत्री मिटायला सांगितलं, मागच्यांना काका दिसत नव्हते.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना काही करावं लागत नाही. मी जर्मनच्या परीक्षा देऊन थकले, काकांचं जर्मन चाळीस वर्षांपूर्वीचं आणि मोडकं. सुपरमार्केटला ते 'काउफहाले' म्हणायचे. तो शब्द त्या जुन्या देशाबरोबरच मागे पडलेला. पण बेकरीतल्या बाई तो ऐकला की खुलायच्या आणि पिशवीत एक पाव जास्तीचा टाकायच्या. मला विकतच्या पावाखेरीज कधी काही मिळालं नाही.

आणि तळमजल्यावरच्या फ्राऊ लेमान. माझ्याशी त्या फक्त कचऱ्याविषयी बोलत. पुठ्ठे मोडून टाका, काचा रविवारी टाकू नका. काकांबरोबर मात्र अंगणातल्या बाकावर दुपारभर बसायच्या. मी खिडकीत कोथिंबीर निवडत कान देऊन असायची. एकदा न राहवून विचारलंच, "काका, एवढं काय बोलता हो?"

"काही नाही गं. पूर्वी कुठे काय होतं ते आठवत बसतो. आल्झो, म्हणजे असं की, तिलाही विचारायला आता कुणी उरलं नाही."

ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला हेवा वाटला.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी काकांच्या हृदयाचं दुखणं निघालं, प्रवास बंद झाला, आणि मुलगाही बिऱ्हाड आवरून पुण्याला परतला. त्या शरद ऋतूत फ्राऊ लेमाननी माझ्या दारावर येऊन एक पाकीट दिलं. आत जुना फोटो होता. मागे दगडांचा ढीग, पुढे सायकल धरून तरुणपणीच्या त्या. "त्यांच्याकडे तेव्हाचा एकही फोटो नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाठवाल?"

"उद्याच," मी म्हटलं.

पोस्ट चार मिनिटांवर आहे. मोबाइलवरून पाठवायला तर अर्धं मिनिट लागलं असतं. विसरले असं सांगता येईल, पण विसरले नव्हते. सगळं काय त्यांनाच मिळायचं, असं म्हणून मी पाकीट टेबलाच्या खणात टाकलं. काकांचा अधूनमधून फोन यायचा. "गाव बरं आहे ना?" मी म्हणायची, "बरं आहे," आणि विषय बदलायची.

फेब्रुवारीत मुलाचा फोन आला. काका झोपेतच गेले होते.

मी खाली जाऊन फ्राऊ लेमानना सांगितलं. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. मग म्हणाल्या, "फोटो मिळाला होता ना त्यांना?"

"हो," मी म्हटलं. "फार आवडला."

त्यांनी माझा हात हातात घेतला. इथे थोरल्या माणसाने आपणहून सांगितल्याशिवाय 'अहो'चं 'अगं' होत नाही, आणि कित्येक शेजारी जन्मभर 'अहो'च राहतात. त्या म्हणाल्या, "मला आता इंगे म्हण. आत ये, कॉफी घे."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकलं. कॉफी ओतता ओतता इंगेने विचारलं, "फोटो बघून काय म्हणाले ते?"

फोटो वर माझ्या खणात होता. मी चोख जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली.